लीन उत्पादनपद्धती आणि विविध उद्योगांतील तिचा वापर

लीन उत्पादनपद्धती : ग्राहकाला हवे तेवढेच, हवे तेव्हा आणि निर्दोष तयार करण्याची, आणि त्याच्या आड येणारे निरुपयोगी काम रोजच्या रोज शोधून काढून टाकण्याची कार्यपद्धती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा मोटर कंपनीत ती आकाराला आली. तिथून ती कपडे, रसायने, बांधकाम, रुग्णालये, बँका, सॉफ्टवेअर आणि सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोचली. हा प्रवास सगळीकडे सारखा झालेला नाही. ‘आपल्याकडे नेमके काय पुढे सरकते आणि ते कुठे अडून राहते’ हा प्रश्न जिथे आधी विचारला गेला, तिथे पद्धत रुजली. नुसते फळे, कार्डे आणि जमिनीवरच्या रंगीत पट्ट्या उचलून आणल्या, तिथे ती बहुधा लवकरच विरली.

उगम

पद्धतीचे एक मूळ मोटारीत नसून मागात आहे. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. त्यामुळे सदोष कापड विणले जाईना आणि एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले. चूक झाली की काम तिथल्या तिथे थांबले पाहिजे, या तत्त्वाला ‘जिदोका’ म्हणतात. या मागाचे पेटंट हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन केली. सुटा भाग लागेल त्या वेळीच जोडणीच्या जागी यावा, हा ‘जस्ट इन टाइम’चा विचार त्यांचा.

पुढची घडण टंचाईतून झाली. १९४९–५० मध्ये न खपलेल्या गाड्या आणि थकलेली कर्जे यांमुळे कंपनी बुडण्याच्या बेतात आली. कामगार कपात, दीर्घ संप आणि अखेर किइचिरोंचा राजीनामा, असा तो काळ होता. १९५० मध्येच किइचिरोंचे चुलतभाऊ एइजी तोयोदा अमेरिकेत फोर्डचा रिव्हर रूज कारखाना पाहून आले. एकाच मॉडेलच्या लाखो गाड्या काढून खर्च कमी करण्याचा फोर्डचा मार्ग जपानच्या छोट्या बाजारपेठेत चालणारा नव्हता. गाड्या थोड्या, प्रकार अनेक आणि माल साठवायला भांडवल नाही, अशा परिस्थितीत टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो (१९१२–१९९०) यांनी कारखान्याची घडी बसवली. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने जेवढे उचलले तेवढेच फळीवर पुन्हा भरतात. ओनोंनी हीच रीत जोडणीच्या लाइनवर आणली. पुढच्या टप्प्याने भागांची पेटी उचलली की तिच्यावरचे कार्ड, म्हणजे ‘कानबान’, मागच्या टप्प्याकडे जाते आणि तेवढाच माल पुन्हा तयार होतो. कार्ड नाही तर काम नाही. मालाला मागून ढकलण्याऐवजी पुढून ओढायचे, असे याचे स्वरूप आहे.

पण थोडा थोडा माल काढायचा तर यंत्राचा सेटअप झटपट बदलता आला पाहिजे. एका डायवरून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावरून) दुसऱ्या डायवर जायला चार तास लागत असतील, तर कुठलाही सुपरवायझर एकदा बसवलेल्या डायवर महिनाभराचा माल काढून ठेवणारच. औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवर हेच काम हाती घेतले. डाय बदलायला तेव्हा चार तास लागत. यंत्र बंद असतानाच करावी लागणारी कामे कोणती आणि यंत्र चालू असताना आधीच उरकता येतील ती कोणती, याची त्यांनी फोड केली. सहा महिन्यांत वेळ ९० मिनिटांवर आली आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. लीनमधल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी या एका कामगिरीच्या आधाराने उभ्या आहेत, असे म्हणायला हरकत नाही. सेटअप लांबलचक राहिला तर बॅच लहान होत नाही, आणि बॅच मोठी राहिली तर कानबान हा निव्वळ कागद उरतो.

शिंगो यांचे चूक रोखण्याच्या उपायांवरचे कामही तितकेच मोलाचे आहे. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका बटनाच्या जोडणीत दोन स्प्रिंगांपैकी एखादी बसवायची राहून जात असे. तक्रार आली की कामगारांना ‘लक्ष देऊन काम करा’ म्हणून तंबी मिळे. शिंगोंनी एक छोटी बशी ठेवायला लावली. कामगाराने डब्यातून आधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या आणि मग बसवायच्या. बशीत स्प्रिंग उरली की चूक तिथेच दिसे. या प्रकारच्या उपायांना ‘पोका-योके’ म्हणतात. माणसाला दोष देण्याऐवजी कामाची रचना बदलायची, हा दृष्टिकोन उद्योग कोणताही असो, जसाच्या तसा लागू पडतो.

अपव्यय आणि त्यामागचे गणित

ओनोंनी अपव्ययाचे (‘मुडा’) सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणे, मालाची अनावश्यक ने-आण, गरजेपलीकडची प्रक्रिया, साठा, माणसाची वायफळ हालचाल आणि सदोष माल. यांत जास्तीचे उत्पादन सर्वांत घातक मानले जाते, कारण बाकीचे सगळे दोष त्याखाली झाकले जातात. गोदाम भरलेले असले की नादुरुस्त यंत्र, उशिरा येणारा पुरवठादार, वाढलेले रिजेक्शन यांपैकी काहीच टोचत नाही.

हे सगळे मोटारींपुरते का राहिले नाही, याचे उत्तर रांगेच्या गणितात सापडते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, एखाद्या व्यवस्थेत अडकलेली सरासरी कामे म्हणजे कामे येण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ. रोज २० अर्ज निकाली निघत असतील आणि टेबलांवर ४०० अर्ज पडून असतील, तर नव्या अर्जाला सरासरी २० दिवस लागणार. अर्ज तपासायला प्रत्यक्षात दहाच मिनिटे लागत असली तरीही. हा नियम अर्ज, रुग्ण, मोटारी किंवा सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी असा भेद करत नाही. दुसरी गोष्ट व्यग्रतेची. कामे अनियमितपणे येत असतील आणि त्यांना लागणारा वेळही कमी-जास्त होत असेल, तर रांगेच्या सर्वांत साध्या प्रारूपात ८० टक्के व्यग्र असलेल्या माणसापुढे एका कामाला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या चौपट वेळ थांबावे लागते. व्यग्रता ९० टक्के झाली की नऊपट आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. प्रत्येकाला सतत कामाला जुंपून ठेवणे म्हणजे कार्यक्षमता, ही समजूत इथे कोसळते. लीनचा अर्थ माणसे कमी करणे असा लावणाऱ्या व्यवस्थापकांनी हे तीन आकडे नीट पाहावेत.

टोयोटाबाहेर

‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांच्या लेखातून पुढे आले आणि एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेच्या मोटार उद्योगविषयक संशोधनातून १९९० मध्ये निघालेल्या पुस्तकामुळे जगभर झाले. जेम्स वोमॅक आणि डॅनियल जोन्स यांनी १९९६ मध्ये त्याची पाच सूत्रे मांडली : मूल्य, मूल्यप्रवाह, अखंड ओघ, मागणीची ओढ आणि पूर्णत्वाचा ध्यास.

पद्धत जपानी स्वभावामुळेच चालते, या आक्षेपाला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटने उत्तर दिले. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि खराब दर्जा यांसाठी कुप्रसिद्ध होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांश जुनेच होते आणि युनियनही तीच. अडचण दिसली की कामगाराने दोर ओढायचा आणि टीम लीडरने लगेच धावून यायचे. गाडी लाइनवर ठरलेल्या अंतरापर्यंत पोचेतो अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची. पूर्वी लाइन थांबवणे हा जणू गुन्हा होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आला. जनरल मोटर्सला मात्र हे यश आपल्या इतर कारखान्यांत नेताना फार जड गेले. दोर कुठेही बसवता येतो, पण तो ओढल्यावर रागावण्याऐवजी मदतीला येणारा वरिष्ठ तयार करायला वेळ लागतो.

निरनिराळी क्षेत्रे

कपड्यांच्या उद्योगात बंडल पद्धत रूढ होती. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे एका शिलाई यंत्राकडून दुसऱ्याकडे जात आणि कॉलरची चूक शेकडो नग शिवून झाल्यावर कळे. यंत्रे कामाच्या क्रमाने जवळजवळ मांडून एकेक नग पुढे दिला की चूक पुढच्याच हातात सापडते. प्रक्रिया उद्योगांचे गणित वेगळे आहे. रसायने, रंग, औषधे यांत ‘एक नग’ असा नसतोच. मोठे पात्र एकदम भरते आणि एकदम रिकामे होते. इथे लीनचा भर दोन बॅचमधली सफाई जलद करण्यावर आणि उत्पादनांचा क्रम फिक्या रंगाकडून गडदाकडे असा ठरवून तो नियमित फिरवत ठेवण्यावर असतो.

बांधकामात चित्रच उलटे होते. कारखान्यात वस्तू फिरते आणि कामगार जागेवर असतो, तर इथे इमारत जागेवर असते आणि गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन यांच्या टोळ्या तिच्यातून फिरतात. फिनलंडचे लौरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या अहवालात बांधकामाकडे ओघ म्हणून पाहण्याची मांडणी केली. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी पाहणी केली तेव्हा आठवड्याच्या नियोजनातली जवळपास निम्मीच कामे वेळेत पुरी होत असल्याचे दिसले. त्यातून ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत निघाली. कामाचा शब्द वरच्या कचेरीने परस्पर द्यायचा नाही. ज्याची टोळी ते करणार त्या मुकादमाने द्यायचा, तोही नकाशे, माल, आधीचे काम आणि जागा हे सगळे तयार आहे याची खात्री करून. आठवड्याच्या शेवटी किती शब्द पाळले गेले ते मोजायचे आणि जे पाळले गेले नाहीत त्यांचे कारण लिहून ठेवायचे.

रुग्णालयांत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्राने २००२ पासून टोयोटाची पद्धत राबवली. रुग्णाला इजा होईल अशी शंका आली की कोणत्याही कर्मचाऱ्याने सूचना देऊन काम थांबवावे, ही तिथली रीत थेट लाइनवरच्या दोराची आहे. रुग्णालयात रुग्णाबरोबर नमुने, औषधे आणि माहिती यांचेही ओघ असतात, आणि हेच ओघ बहुतेक वेळा रुग्णाला अडवतात. सकाळी सगळ्या वॉर्डांतले रक्ताचे नमुने गोळा करून एकत्र पाठवले, तर प्रयोगशाळेवर एकदम गर्दी होते आणि अहवाल डॉक्टरांची फेरी आटोपल्यावर येतात. तेच नमुने थोडे थोडे करून धाडले की त्याच यंत्रांवर अहवाल लवकर मिळतात. आजार वेळापत्रक पाळत नाहीत, म्हणून इथे ओघ सम राखता येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. यूजीन लिटवाक यांनी दाखवून दिले की खाटांच्या मागणीतले पुष्कळ चढउतार तातडीच्या रुग्णांपेक्षा नियोजित शस्त्रक्रियांच्या वेळापत्रकामुळे होतात. म्हणजे ते रुग्णालयाने स्वतःच निर्माण केलेले असतात आणि त्यालाच कमी करता येतात.

सॉफ्टवेअरमध्ये साठा डोळ्यांना दिसत नाही. अर्धवट लिहिलेला कोड, चाचणीच्या प्रतीक्षेत पडलेली कामे आणि कधीच न उघडलेली मागण्यांची यादी हाच इथला साठा. मेरी आणि टॉम पॉपेनडिक यांनी २००३ मध्ये लीनची तत्त्वे या क्षेत्रासाठी मांडली. पुढे डेव्हिड अँडरसन यांनी कानबान फळ्याला रूप दिले. फळ्यावरची कार्डे सगळेच लावतात, पण एका रकान्यात एका वेळी किती कामे असावीत याची मर्यादा पाळणे हे खरे कानबान. चाचणीचा रकाना भरला की प्रोग्रॅमरने नवे काम न उचलता चाचणीला हात लावायचा.

सर्वांत बोलके उदाहरण कदाचित न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मोफत जेवण देणाऱ्या एका स्वयंपाकघराचे आहे. टोयोटाने तिथे देणगी म्हणून आपले अभियंते पाठवले. सुमारे ५० जण बसू शकतील अशा त्या जागेत दहा खुर्च्या रिकाम्या झाल्या की दहा जणांना एकदम आत सोडत, आणि बाहेर रांग लागे. अभियंत्यांनी तीन बदल सुचवले : खुर्ची रिकामी होताच एकेकाला आत घ्यायचे, थांबण्याची जागा ताटे मिळतात त्याच्या जवळ आणायची आणि रिकामी खुर्ची हेरण्याचे काम एकाच माणसाकडे सोपवायचे. जेवणासाठी ९० मिनिटांपर्यंत थांबावे लागे, ते १८ मिनिटांवर आले. त्यासाठी ना खुर्च्या वाढवल्या, ना माणसांना भराभर जेवायला लावले.

मर्यादा

लीनच्या नावाखाली कामाचा वेग वाढवला जातो आणि वेळ वाचला की नोकऱ्या जातात, ही कामगारांची तक्रार जुनी आहे आणि अनेक ठिकाणी ती रास्त ठरली आहे. ब्रिटनच्या कर खात्यात लीन लागू केले तेव्हा २००६ मध्ये कर्मचारी संघटनेने आंदोलन केले. सुधारणा सुचवणाऱ्यालाच सुधारणेमुळे काम गमवावे लागणार असेल, तर तो पुन्हा काही सुचवणार नाही. म्हणून कपात न करण्याची हमी ही या पद्धतीची आवश्यक अट मानली पाहिजे. व्हर्जिनिया मेसनने ती दिली होती.

दुसरी मर्यादा अल्प साठ्याची. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हअभावी टोयोटाचे बहुतेक कारखाने ठप्प झाले. इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, म्हणून काही दिवसांतच उत्पादन पुन्हा सुरू झाले. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर टोयोटाने मिळायला वेळ लागणाऱ्या भागांची यादी केली आणि सेमीकंडक्टर चिपचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला चिप टंचाईने अनेक मोटार कंपन्यांचे काम थांबले, तेव्हा टोयोटाच्या लाइनी बऱ्याच प्रमाणात चालू राहिल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मात्र तिलाही उत्पादनाचे नियोजन सुमारे ४० टक्क्यांनी खाली आणावे लागले.