परीकथांची खेचणारे सिनेमे आणि त्या चुंबनाची भानगड

श्रेकची स्टोरी सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगत बसत नाही. फक्त हिरव्या ओग्रेच्या (म्हणजे राक्षसाच्या) २००१ च्या त्या कार्टून सिनेमाची सुरुवात परत एकदा बघा. जाडजूड जुनं पुस्तक उघडतं, राजकन्या, शाप, ड्रॅगन, सगळं नीट वाचून दाखवलं जातं आणि मग वाचणारा खीखी हसून पान टर्रकन फाडतो, पुढचा आवाज फ्लशचा. डिस्नेची १९३७ ची स्नो व्हाईटपण अशीच पुस्तक उघडून सुरू होते. म्हणजे आपण म्हणतो परीकथेचं विडंबन, पण खेचलीये ती परीकथेच्या सिनेमाची.

हे सगळ्यात जास्त कळतं ते चुंबनाच्या बाबतीत. चुंबन घेतलं की शाप उतरतो हा परीकथेचा नियमच आहे असं आपण धरून चालतो, पण जुन्या छापील गोष्टींमध्ये बघायला गेलं तर फार कमी सापडतो. १६९७ च्या फ्रेंच पुस्तकात झोपलेल्या राजकन्येपुढे राजपुत्र नुसता गुडघे टेकतो, शंभर वर्षं भरलेली असतात म्हणून ती उठते. १८१२ च्या जर्मन संग्रहात बेडकाला कोणी किस वगैरे करत नाही, राजकन्या वैतागून त्याला भिंतीवर आपटते आणि तो राजपुत्र होतो. त्याच आवृत्तीत स्नो व्हाईटची काचेची पेटी इकडून तिकडे वाहून कंटाळलेला एक नोकर चिडून तिच्या पाठीत धपाटा घालतो आणि घशात अडकलेलं सफरचंद बाहेर पडतं (याहून मोठं विडंबन कोण करणार!). जर्मन झोपाळू राजकन्येला चुंबन आहे, पण तिथेही शंभर वर्षं नेमकी त्याच दिवशी संपलेली असतात, काटे आपोआप बाजूला होतात, राजपुत्राचं टायमिंग चांगलं एवढंच.

स्नो व्हाईटला चुंबन चिकटवलं ते १९३७ च्या सिनेमानं, आणि तिथे शब्द आहेत 'प्रेमाचं पहिलं चुंबन'. डिस्नेच्याच १९५९ च्या स्लीपिंग ब्यूटीत ते झालं 'खऱ्या प्रेमाचं चुंबन'. पहिलं आणि खरं, दोन वेगळ्या अटी आहेत, पण पुढे कोणी फरक केला नाही आणि श्रेकमध्ये तर दोन्ही एकत्र करून टाकल्यात. १९५९ लाच अमेरिकन टीव्हीवर मोडतोड केलेल्या परीकथांचं एक छोटं कार्टून सुरू झालं, त्यात एका भागात राजपुत्र झोपलेल्या राजकन्येला उठवतच नाही, ती झोपलेलीच राहिली तर तिच्या नावानं पार्क काढता येईल असा धंद्याचा हिशोब करतो. टोमणा डिस्नेला होता हे तेव्हा सगळ्यांना कळलं असणार.

आता श्रेकचा खरा वादाचा मुद्दा. १९९० च्या ज्या चित्रपुस्तकावरून तो घेतलाय त्यात राजकन्या पहिल्यापासूनच कुरूप आहे, शाप नाही, रात्रीचं बदलणं नाही, दोघं भेटतात, आवडतात, लग्न करतात, संपलं. सिनेमावाल्यांनी तिला दिवसा सुंदर केलं, शाप घातला आणि मग चुंबनानंतर ती कायमची ओग्रे होते हा धक्का दिला. सिनेमा म्हणून धक्का जबरदस्त आहे, मान्य. पण मला पुस्तकच जास्त धीट वाटतं, कारण तिथे सुंदर राजकन्या आधी दाखवून मग काढून घ्यायची गरजच पडत नाही. आणि दिसण्यावर जाऊ नका असं सांगणारा हाच सिनेमा व्हिलनच्या बुटकेपणावर शेवटपर्यंत जोक मारत राहतो ते वेगळंच.

त्यानंतर ज्यांची खेचली होती त्यांनीच, म्हणजे डिस्नेनं, हा खेळ हातात घेतला. २००७ च्या एन्चांटेडमध्ये कार्टूनमधली राजकन्या खऱ्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडते, घर आवरायला गाणं म्हणून प्राणी बोलावते तर येतात उंदीर, कबुतरं आणि झुरळं, आणि ती त्यांच्याकडून बाथटब घासून घेते. शेवटी राजपुत्राचं चुंबन फेल जातं, चालतं ते घटस्फोटाच्या केसेस लढणाऱ्या वकिलाचं. २०१३ च्या फ्रोझनमध्ये सगळे किसच्या मागे धावतात आणि किस देणाराच लबाड निघतो, जीव वाचतो बहिणीच्या प्रेमानं. २०१४ ला मॅलेफिसंटमध्ये परत तेच, राजपुत्र ओठ टेकवतो, काही होत नाही, तो बावळटासारखा उभा, आणि ती उठते ते जिनं शाप दिला तिनंच कपाळावर ओठ टेकवल्यावर. आता पोरांना आधीच माहिती असतं की राजपुत्राच्या किसनं काही होणार नाही, त्यामुळे तो जोकसुद्धा जुना झाला.