चुंबक चिकटला नाही, म्हणजे बोल्ट गंजणार नाही?

"शिडाच्या होडीसाठी बोल्ट घेताना चुंबक लावून पाहा, चिकटला नाही तर समुद्रात गंज नाही," हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. दुकानात झटपट करता येतो, म्हणून पटतोही. पण 304 आणि 316 ही दोन्ही स्टेनलेस स्टील चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. खाऱ्या पाण्यात 316 जास्त टिकतं ते त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनममुळे. तेव्हा बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वाचा: ए2 म्हणजे 304 च्या जातीचं, ए4 म्हणजे 316 च्या. तरी ओल्या लाकडात, हवा न पोचणाऱ्या जागी, 316 सुद्धा पोखरलं जातं. डोकं मात्र चकचकीतच राहतं. डोलकाठीच्या तारा जिथे होडीला बांधलेल्या असतात, तिथला एखादा बोल्ट ताण सैल करून काढा आणि दांड्यावर खड्डे, तपकिरी डाग दिसतात का ते बघा.