युद्धकालीन जपानी-अमेरिकी वृत्तपत्रे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९४१–४५) चालवलेली स्थानिक वृत्तपत्रे. त्यांचे तीन गट पडतात. पश्चिम किनाऱ्यावरील व हवाई बेटांतील जुनी द्वैभाषिक दैनिके हा पहिला, सरकारी स्थानबद्धता छावण्यांतून निघणारी पत्रे हा दुसरा. तिसरा गट अगदी लहान आहे : यूटा व कोलोरॅडो या अंतर्भागातील राज्यांत चालू राहिलेली तीन खाजगी पत्रे. युद्धकाळात मुख्य भूमीवर छपाईचे स्वतःचे जपानी खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) आणि स्वतःचा अग्रलेख दोन्ही हाती राहिले ते या तिघांकडेच. त्यांपैकी यूटा निप्पो आणि रॉकी शिम्पो यांची हकीकत पुढे येते.

पार्श्वभूमी : सॅन फ्रान्सिस्कोतील शिन सेकाई (१८९४) व निचिबेई (१८९९) आणि लॉस अँजेलिसमधील राफू शिम्पो (१९०३) ही पत्रे पहिल्या पिढीने, म्हणजे इस्सेईंनी, जपानी भाषेत सुरू केली. अमेरिकेत जन्मलेली दुसरी पिढी, म्हणजे निसेई, शाळेत इंग्रजी शिकून वाचू लागली, तेव्हा १९२० नंतरच्या दशकात या पत्रांनी इंग्रजी पाने जोडली. एकाच घरात वडील जपानी पाने वाचत आणि मुले इंग्रजी. दोन्ही पानांवरच्या बातम्या सारख्याच असत असे नाही, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

इस्सेईंना अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नव्हते. ताकाओ ओझावा (१९२२) आणि भगतसिंग थिंड (१९२३) यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे जपानी आणि भारतीय स्थलांतरितांना तो हक्क नाकारला. भारतीयांसाठी ही बंदी १९४६ मध्ये उठली, जपान्यांसाठी १९५२ मध्ये. मत नसलेल्या समाजाची नाराजी ओढवली म्हणून निवडणूक हरण्याची धास्ती कोणत्याही पुढाऱ्याला नव्हती. त्यामुळे आमदार-खासदाराच्या दारी जे गाऱ्हाणे जायचे ते पत्राच्या कचेरीत येई. निधनवार्ता, लग्ने, जपानमधील आपापल्या जिल्ह्याच्या मंडळांच्या सहली आणि नववर्षाच्या अंकातील पानेच्या पाने शुभेच्छांच्या जाहिराती हा या पत्रांचा रोजचा संसार होता. बाहेरच्या वाचकाला तो क्षुल्लक वाटतो, पण कोण कोठे आहे आणि कोणाला काय लागते याची गावभरची नोंद त्यातच होती.

७ डिसेंबर १९४१ आणि नंतर : पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी एफबीआयने आधीच तयार असलेल्या याद्यांप्रमाणे इस्सेई पुढाऱ्यांची धरपकड सुरू केली. बौद्ध पुरोहित, जपानी शाळांचे शिक्षक, मंडळांचे पदाधिकारी यांच्याबरोबर संपादक आणि प्रकाशकही त्यात होते. राफू शिम्पोचे प्रकाशक तोयोसाकू कोमाई यांना त्याच दिवशी नेले आणि कारभार मुलगा अकिरा याच्याकडे आला. पत्रे काही काळ बंद ठेवली गेली व मग परवानगीने पुन्हा निघाली, कारण सरकारचीच पंचाईत झाली होती : इंग्रजी न वाचणाऱ्या हजारो माणसांपर्यंत हुकूम पोहोचवायचे कसे?

पुढचे चार महिने या पत्रांनी जे काम केले ते दुसरे कोणी करू शकले नसते. गोठवलेल्या बँक खात्यांतून घरखर्चाला पैसे कसे मिळतील, शॉर्टवेव्ह रेडिओ व कॅमेरे कोठे जमा करायचे, रात्री ८ ते सकाळी ६ ही संचारबंदी आणि घरापासून पाच मैलांची मर्यादा कोणाला लागू आहे, हे सगळे दोन भाषांत छापले जाई. पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवण्यासाठी वस्ती रिकामी करण्याचे एकूण १०८ हुकूम निघाले, तेही विभागवार. रस्त्याच्या एका बाजूचे लोक या आठवड्यात निघत, पलीकडचे आणखी पंधरा दिवसांनी. प्रत्येक हुकमात साधारण आठवड्याची मुदत असे. कुटुंबप्रमुखाने नोंदणी केंद्रावर जाऊन कुटुंब क्रमांक घ्यायचा, सामानाला त्याच्या चिठ्ठ्या बांधायच्या. गाद्या न घेता अंथरूण-पांघरूण, कपडे, माणशी ताट-वाटी-चमचे एवढेच, आणि तेही हाताने उचलता येईल तितके. पाळीव जनावर नाही. तारीख किंवा हद्द चुकीची छापली गेली तर कुटुंबांची ताटातूट होण्याचा धोका होता. मग जप्तीच्या भावाने फर्निचर मागणाऱ्यांच्या जाहिराती घ्यायच्या की नाही, हा प्रश्नही संपादकापुढे असे.

राफू शिम्पोचा शेवटचा अंक ४ एप्रिल १९४२ रोजी निघाला. निघण्यापूर्वी अकिरा कोमाई यांनी जपानी खिळे कचेरीच्या फरशीखाली दडवले. यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक होता. देवनागरी जुळणीला काहीशे प्रकारचे खिळे लागतात. जपानी दैनिकाला काही हजार लागतात आणि जुळाऱ्याला एक ओळ लावायलाही कप्प्यांच्या भिंतीपुढे फिरावे लागते. युद्ध चालू असताना असा संच जपानहून आणणे अशक्य होते. खिळे वाचले म्हणूनच १ जानेवारी १९४६ रोजी पत्र पुन्हा निघू शकले.

राजकीय नेतृत्व : राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. त्यात जपान्यांचे नावही नव्हते. लष्करी क्षेत्रे ठरवून तेथून कोणालाही वगळण्याचा अधिकार सेनाधिकाऱ्यांना दिला होता, इतकेच. पश्चिम विभागाचे प्रमुख जनरल जॉन डेविट यांनी तो जवळजवळ सरसकट जपानी वंशाच्या लोकांवर वापरला. सुमारे १,२०,००० माणसे हलवली गेली आणि त्यांतील दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होती. महान्यायवादी फ्रान्सिस बिडल यांचा विरोध होता, पण त्यांनी अखेर माघार घेतली. कॅलिफोर्नियाचे महान्यायवादी अर्ल वॉरन यांनी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले, हकालपट्टीची बाजू हिरिरीने मांडली.

कोलोरॅडोचे राज्यपाल राल्फ कार यांनी मात्र आपल्या राज्यात जपानी-अमेरिकींना येऊ दिले आणि नागरिकांच्या घटनात्मक हक्कांबद्दल जाहीरपणे बोलत राहिले. १९४२ ची सिनेटची निवडणूक ते थोडक्यात हरले. डेन्व्हरमध्ये जपानी पत्रे टिकून राहण्याला भूगोल कारण होता, कारण कोलोरॅडो निषिद्ध क्षेत्राबाहेर होते. त्याच्या जोडीला कार यांनी ठेवलेले वातावरणही होते.

हवाईतील उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे एक तृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते, हल्लाही तेथेच झाला होता आणि लष्करी कायदाही लागू होता. तरीही लष्करी राज्यपाल जनरल डेलोस एमन्स यांनी सामूहिक हकालपट्टी टाळली. ती केली असती तर बंदरे, बांधकामे आणि मळे ओस पडले असते. डिसेंबरमध्ये बंद केलेली जपानी पत्रे जानेवारी १९४२ मध्ये लष्करी तपासनिसांच्या नजरेखाली पुन्हा सुरू झाली. निप्पू जिजीचे नाव हवाई टाइम्स झाले आणि हवाई होचीचे हवाई हेराल्ड. निप्पू जिजीचे संपादक यासुतारो सोगा स्वतः मात्र युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध होते. म्हणजे पत्र हवे होते, संपादक नको होता.

अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये या साऱ्या प्रकरणाची तीन कारणे नोंदवली : वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धाला माफीपत्र आणि २०,००० डॉलर देण्यात आले.

छावणीतील पत्रे : शर्यतींची मैदाने आणि जत्रांच्या जागा ताब्यात घेऊन उभारलेल्या तात्पुरत्या केंद्रांत जपानी छापील मजकुरावर बंदी होती; बायबल, प्रार्थनागीते आणि शब्दकोश एवढेच चालत. पुढे युद्ध पुनर्वसन प्राधिकरणाच्या दहा कायम छावण्यांत जपानी विभागांना परवानगी मिळाली आणि प्रत्येक छावणीचे आपले पत्र निघू लागले : कॅलिफोर्नियातील मॅन्झनार फ्री प्रेस, यूटातील टोपाझ टाइम्स, वायोमिंगमधील हार्ट माउंटन सेंटिनल, आयडाहोतील मिनिडोका इरिगेटर वगैरे.

बहुतेक पत्रांची सुरुवात सायक्लोस्टाइलवर झाली. इंग्रजी मजकूर फीत बाजूला करून टंकयंत्रावर थेट मेणकागदावर उठवायचा. जपानी मजकूर टोकदार लोखंडी लेखणीने हाताने कोरायचा. दाट रेघांच्या कांजी (जपानीतील चिनी मूळच्या) अक्षरांत दोन रेघांमधला मेणाचा थर तुटला की अक्षराच्या जागी शाईचा डाग येतो. म्हणून जपानी पानांना हस्ताक्षर नेटके आणि हात हलका असलेला माणूस लागे. कागद फाटला की पान पुन्हा पहिल्यापासून कोरायचे. दहा हजार वस्तीच्या छावणीत घरटी अंक पोहोचवायचा म्हणजे हजारो प्रती काढाव्या लागत. मॅन्झनारचे पत्र जुलै १९४२ पासून आणि हार्ट माउंटनचे पहिल्यापासूनच बाहेरच्या गावातील छापखान्यात छापले जाई. हार्ट माउंटनसाठी तो छापखाना कोडी गावातील स्थानिक वृत्तपत्राचा होता.

पगार सरकारी होते. कायम छावणीत कामाच्या दर्जानुसार महिना १२, १६ किंवा १९ डॉलर मिळत. काही पत्रांचा खर्च पुढे छावणीतील ग्राहक सहकारी संस्थांनी उचलला. मजकूर प्रशासनाच्या वृत्त अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. प्राधिकरण याला ‘देखरेख’ म्हणे. सेन्सॉरशिप हा शब्द कटाक्षाने टाळला जाई. प्रत्यक्षात कात्री क्वचितच चालवावी लागे. जागा, कागद, यंत्र आणि पगार ज्याच्या हाती, त्याला काय नको हे संपादकाला न सांगता कळते. मॅन्झनारच्या पत्राने पहिल्याच अंकात जनरल डेविट यांचे आभार मानले होते. डिसेंबर १९४२ मध्ये मॅन्झनारमध्ये सैनिकांच्या गोळीबारात दोघे मारले गेले, त्यानंतर ते पत्र काही काळ बंदच होते.

तरीही ही पत्रे निरुपयोगी होती असे म्हणता येत नाही. दुधाचे वाटप, शाळेच्या वेळा, रुग्णालयातील जन्म-मृत्यू, बेसबॉलचे निकाल, कामासाठी छावणीबाहेर जाण्याच्या परवान्याची पद्धत आणि पुढे आघाडीवर जखमी वा ठार झालेल्या निसेई सैनिकांची नावे, हे सारे त्यांत आहे. १९४३ च्या फेब्रुवारीतील निष्ठा-प्रश्नावली हे त्यांच्यापुढचे सर्वांत अवघड काम होते. २८ व्या प्रश्नात जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडण्याची शपथ मागितली होती. इस्सेईंना अमेरिकी नागरिकत्व मिळतच नसल्याने ‘होय’ लिहिले तर कोणत्याच देशाचे न राहण्याची भीती होती. इस्सेईंसाठी तो प्रश्न घाईघाईने बदलावा लागला, पण तोवर अफवा सगळीकडे पसरल्या होत्या. प्रशासनाच्या खुलाशापलीकडे काही छापता न येणाऱ्या पत्राचा येथे फारसा उपयोग झाला नाही, कारण लोकांचा त्यावर विश्वासच नव्हता.

रॉकी शिम्पो प्रकरण : जानेवारी १९४४ मध्ये निसेईंना पुन्हा सक्तीच्या लष्करभरतीत घेण्याचे जाहीर झाले. हार्ट माउंटनमध्ये कियोशी ओकामोतो यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या फेअर प्ले कमिटीने आधी नागरिकत्वाचे हक्क परत द्या, मग भरती करा अशी भूमिका घेतली. सेंटिनलने कमिटीवर कडाडून टीका केली. कमिटीची निवेदने छापली ती डेन्व्हरच्या रॉकी शिम्पोने. त्याच्या इंग्रजी विभागाचे संपादक जेम्स ओमुरा यांनी फेब्रुवारी १९४२ मध्येच काँग्रेसच्या समितीपुढे हकालपट्टीला उघड विरोध केला होता. त्यांनी कोणालाही भरती टाळा असे सांगितले नाही. घटनेच्या आधारे प्रश्न उपस्थित केले. एप्रिल १९४४ मध्ये सरकारी दबावामुळे त्यांना संपादकपद सोडावे लागले आणि पुढे कमिटीच्या सात पुढाऱ्यांबरोबर त्यांच्यावर कटाचा खटला झाला. नोव्हेंबर १९४४ मध्ये शायेन येथे सातही जण दोषी ठरले आणि ओमुरा एकटे सुटले. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मुद्दा ज्यूरीने मान्य केला. सात जणांची शिक्षा अपील न्यायालयाने १९४५ च्या अखेरीस रद्द केली. भरती नाकारून तुरुंगात गेलेल्या तरुणांना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये माफी दिली. ओमुरांना मात्र त्यांच्याच समाजाने वाळीत टाकले. पत्रकारिता सुटली आणि ते बागकामाच्या व्यवसायात गेले. ज्या जपानी-अमेरिकी नागरिक संघटनेने भरती नाकारणाऱ्यांचा निषेध केला होता, तिने २००२ मध्ये जाहीर माफी मागितली.

बाहेरच्या पत्राने काय करता येते : वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर ३० मार्च १९४२ रोजी पहिला हुकूम अंमलात आला आणि २२७ लोकांना नेण्यात आले. तेथील बेनब्रिज रिव्ह्यू हे गोऱ्या दांपत्याचे, वॉल्ट आणि मिल्ड्रेड वुडवर्ड यांचे, साप्ताहिक. त्यांनी अग्रलेखांतून विरोध तर केलाच, पण त्याहून टिकाऊ काम म्हणजे बेटावरच्या निसेई मुलांना छावणीतले वार्ताहर नेमले. कोणाला मूल झाले, कोण आजारी आहे, कोणी सामना जिंकला या बातम्या बेटावरच्या इतर बातम्यांच्या बरोबरीने छापल्या जात. गेलेली माणसे शेजारीच राहिली, त्यामुळे परत आल्यावर त्यांना नव्याने ओळख पटवावी लागली नाही.

नंतर : हकालपट्टीचा आदेश मागे घेतल्याची घोषणा १७ डिसेंबर १९४४ रोजी झाली आणि १९४५ च्या अखेरीपर्यंत छावण्यांची बहुतेक पत्रे एकामागोमाग एक बंद पडली. सॉल्ट लेक सिटीचे यूटा निप्पो (१९१४) पतीच्या निधनानंतर कुनिको तेरासावा यांनी चालवले. हाताने खिळे जुळवत त्या १९९१ मध्ये निधन होईपर्यंत ते काढत होत्या. निचिबेईचा वारसा सांगणारे निचि बेई टाइम्स १९४६ मध्ये निघाले आणि २००९ मध्ये बंद झाले. राफू शिम्पो आजही निघते, मात्र वर्गणीदारांच्या घटत्या संख्येमुळे त्याच्यावर वारंवार आर्थिक संकटे आली आहेत.

छावणीच्या पत्रांचे अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसने अंकीय रूपात खुले केले आहेत. ते वाचताना इंग्रजी आणि जपानी पाने शेजारी ठेवून पाहावीत, आणि एखाद्या घटनेनंतर अंक किती दिवस निघाला नाही हेही नोंदवावे. १९४४ च्या भरतीच्या वादासाठी फेब्रुवारी ते एप्रिलचे सेंटिनल आणि त्याच आठवड्यांचे रॉकी शिम्पो दोन्ही लागतात. नुसते सेंटिनल वाचणाऱ्याला विरोध करणारे मूठभर माथेफिरू वाटतील, नुसते रॉकी शिम्पो वाचणाऱ्याला अख्खी छावणी त्यांच्या पाठीशी वाटेल.