बोअरच्या धडधडीतून दिसणारी जमीन

गेल्या महिन्यात शेजारी बोअर मारली. आधी पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, मग दिवसभर गाडी धडधडत होती. काटेकोर चाचण्यांत पाणाड्यांचं भाकीत योगायोगापेक्षा सरस ठरलेलं नाही. जमिनीखालची खरी बातमी होती त्या धडधडीत, आणि सगळे तिलाच वैतागले होते!

तेलविहिरी खोदणारे ही बातमी वाचू शकतात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या बिटला, म्हणजे नळीच्या टोकाच्या खडक फोडणाऱ्या अवजाराला, तीन दातेरी शंकू असतात. ते तळाच्या खडकावर गडगडत फिरतात आणि एकेका दातासरशी ठोका पडतो. ठोक्याची लहर दोन वाटांनी वर येते: एक खडकातून, आजूबाजूला जमिनीत रोवलेल्या जिओफोनपर्यंत (जमिनीची थरथर टिपणारं उपकरण), दुसरी खोदाईच्या पोलादी नळीतून, तिच्या माथ्यावर बसवलेल्या संवेदकापर्यंत.

जमिनीखालचे थर तपासायला सुरुंग उडवला तर तो कधी उडाला ते ठाऊक असतं, प्रतिध्वनीची वेळ मोजता येते. इथे ठोके अखंड चालू. मग कोणता ठोका कधी पोचला हे कसं कळणार? यावरची युक्ती मला फार आवडते. नळीच्या माथ्यावरची नोंद घ्या आणि जिओफोनच्या नोंदीवर ठेवा. दोन्हींतले समोरासमोरचे आकडे गुणा, सगळे गुणाकार मिळवा. मग एक नोंद किंचित सरकवून पुन्हा तेच करा. नोंदी जुळत नसतील तेव्हा धन आणि ऋण गुणाकार एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज शून्याजवळ राहते. नेमक्या जुळल्या की सगळे गुणाकार धन होतात आणि बेरीज एकदम उसळते. याला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. तासभराचा गोंगाट असा एका टोकदार शिखरात गोळा होतो.

समजा बिट ३००० मीटर खोल आहे. पोलादात लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५००० मीटर, म्हणजे नळीतून ०.६ सेकंद. नोंद ०.१५ सेकंद सरकवल्यावर शिखर आलं, म्हणजे खडकातली लहर तेवढी उशिरा पोचली, तर खडकातून लागले ०.७५ सेकंद, खडकातला सरासरी वेग सेकंदाला ४००० मीटर. त्यानंतर दिसणारं बारकं शिखर बिटच्याही खालच्या थरावरून परतलेल्या लहरीचं असू शकतं. म्हणजे पुढे काय येणार याची चाहूल, तीही खोदाई न थांबवता.

अडचण अशी, की आताचे कृत्रिम हिऱ्यांचे पीडीसी बिट खडक ठोकत नाहीत, खरवडतात. त्यांचा आवाज फार क्षीण असतो.

आणि नळीवरची भरवशाची नोंदच नसेल तर? कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास भ्रंशात (जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात अशा प्रचंड भेगेत) विहीर खोदताना हाच प्रश्न होता. शेजारी २००२ साली खोदलेल्या, सुमारे २.२ किलोमीटर खोल चाचणी-विहिरीत ३२ संवेदकांची माळ होती. संशोधकांनी एका संवेदकाची नोंद दुसरीने, वारंवारतेगणिक, भागली. बिटचा आवाज दोन्हींत सामाईक असल्याने भागाकारात तो निघून गेला. उरला तो फक्त दोन संवेदकांमधला लहरींचा प्रवास, आणि त्यातून उभ्या भ्रंशाचं बाजूने टिपलेलं चित्र मिळालं.