ट्रान्समिशन जॅक, द्रवीय

मोटारगाडीची गिअरपेटी इंजिनापासून सोडवून खाली घेण्यासाठी व दुरुस्तीनंतर पुन्हा जागेवर चढविण्यासाठी वापरण्यात येणारे, तेलाच्या दाबावर चालणारे उपकरण. गॅरेजांत ते ‘गिअरबॉक्स जॅक’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या माथ्यावर पुढे-मागे व दोन्ही बाजूंना कलणारी बैठक, पेटी बांधण्यासाठी साखळी किंवा पट्टा आणि तळाशी फिरती चाके असतात. सुट्या झालेल्या जड पेटीला आधार देऊन ती नेमक्या रेषेत धरणे, एवढेच त्याचे काम. गाडी उचलण्यासाठी तो वापरता येत नाही.

इतिहास : बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे यासंबंधीचे लेखन मरणोत्तर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाले. हे तत्त्व यंत्रात आणण्याचे श्रेय इंग्रज संशोधक जोझेफ ब्रामा (१७४८–१८१४) यांना देतात. त्यांच्या द्रवीय दाबयंत्राचे पेटंट १७९५ चे आहे.

मात्र हे यंत्र व्यवहारात चालले ते दट्ट्याभोवतीची गळती थांबल्यावरच, आणि ती कोणी थांबवली याविषयी मतभेद आहेत. दट्ट्याभोवतीचे भरण (पॅकिंग) घट्ट आवळले तर दट्ट्या अडकतो, सैल सोडले तर द्रव गळतो. यावर तोडगा निघाला तो वाटीच्या आकाराच्या चामडी कड्याचा. दाब वाढेल तसे त्याचे ओठ आपोआप दट्ट्यावर घट्ट बसतात व दाब उतरला की सैल होतात. एकोणिसाव्या शतकातील चरित्रपर लेखन याचे श्रेय ब्रामा यांच्या कारखान्यातील हेन्री मॉड्सली (१७७१–१८३१) यांना देते, तर काही लेखक इंग्लंडमधील बोल्टन गावच्या बेंजामिन हिक (१७९०–१८४२) यांचे नाव घेतात. पेटंटच्या सुमारास मॉड्सली ब्रामा यांच्याकडेच काम करीत होते आणि हिक त्या वेळी बालवयात होते. त्यामुळे मूळ कल्पना मॉड्सली यांची व सुधारणा नंतरच्यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या वादाला व्यवहारातही अर्थ आहे. आजच्या जॅकमधील इंग्रजी ‘यू’ आकाराचे रबरी सील याच तत्त्वावर चालते. त्याचे ओठ दाबाच्या, म्हणजे तेलाच्या बाजूलाच हवेत. उलटे बसवलेले नवे सील पहिल्याच भाराला गळते.

द्रवकोठी, पंप व दट्ट्या एकाच सांगाड्यात असलेल्या सुट्या जॅकचे पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये घेतले. चामड्याची जागा पुढे कृत्रिम रबराने घेतली. निल्स क्रिस्टेनसेन यांचे ओ-रिंगचे (गळती रोखणाऱ्या गोल रबरी कड्याचे) अमेरिकी पेटंट १९३९ चे आहे.

प्रकार : जमिनीलगतचा ट्रॉली जॅक घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवलेल्या गाडीखाली चालतो. उभा, दोन टप्प्यांचा जॅक दोन खांबांच्या लिफ्टखाली वापरतात. ट्रक व बस खड्ड्यावर घेतात, तेथे खड्ड्याच्या कडांवर किंवा रुळांवर सरकणारा जॅक लागतो.

कार्य : हात-दांडा लहान दट्ट्या हलवतो. चोषण झडपेतून आत आलेले तेल निर्गम झडपेतून मोठ्या दट्ट्याखाली जाते. दोन्ही झडपा म्हणजे बैठकीवर टेकलेल्या लहान पोलादी गोळ्याच असतात. लहान दट्ट्याचा व्यास १२ मिमी. व मोठ्याचा ३६ मिमी. धरल्यास क्षेत्रफळे १:९ प्रमाणात येतात. ३६० किग्रॅ. वजनाला लहान दट्ट्यावर ४० किग्रॅ. आणि १५ पट फायद्याच्या दांड्यावर, घर्षण सोडून, तीन किग्रॅ.पेक्षाही कमी जोर लागतो. मात्र लहान दट्ट्याच्या १८ मिमी. फेरीला भार २ मिमी.च चढतो. चढविताना हा संथपणा उपकारक ठरतो, कारण पेटी रेषेत आणायला तेवढीच बारीक हालचाल हवी असते. उतरविताना अशी टप्प्याटप्प्याची पकड नसते. सोडझडप (तेल परत कोठीत सोडणारी झडप) किती उघडली, त्यावरच सारा वेग अवलंबून असतो. दोन टप्प्यांच्या जॅकमध्ये मोठ्या व्यासाची नळी आधी चढते व लहान व्यासाची नंतर. त्यामुळे इंजिनाजवळ पोचल्यावर पंपाच्या दर फेरीला पेटी आधीपेक्षा जास्त सरकते, हे लक्षात ठेवूनच पाय किंवा हात चालवावा.

वापर : सातारा-सांगली भागात हा जॅक मुख्यतः क्लचच्या कामासाठी निघतो. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली यांसारख्या घाटांत भरल्या गाडीने अर्ध्या क्लचवर चढण घेतली की प्लेट जळते. ऊस हंगामात ओझ्याच्या ट्रकांची तीच गत होते. (ट्रॅक्टरची गिअरपेटी हा त्याच्या सांगाड्याचाच भाग असल्याने ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. त्यासाठी दोन्ही अर्धांना आधार देणारे सरकते स्टँड लागतात. या जॅकवर ते काम करू नये.)

बॅटरीची ऋण तार काढावी व पेटीतील तेल आधी सोडावे, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) निघताच ते मागून ओतते आणि जॅकची चाके त्यावर घसरतात. शाफ्टच्या जोडावर काढण्यापूर्वी खूण करावी. पेटीखालचा आडवा बीम सुटला की इंजिन मागच्या बाजूने खचते. म्हणून इंजिनाला स्वतंत्र आधार द्यावा. हा आधार ट्रान्समिशन जॅकच देईल, हे गृहीत धरणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

पेटीचा गुरुत्वमध्य लांबीच्या मध्यावर असेलच असे नाही. साध्या पेटीत तो बहुधा बेल हाउसिंगमागच्या (इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या पुढच्या भागामागच्या) जाड भागाखाली असतो, ट्रान्सफर केस (चारही चाकांना शक्ती वाटणारी जोडपेटी) असल्यास मागे व एका बाजूला सरकतो. बैठक लावून साखळी शेवटचे बोल्ट काढण्यापूर्वीच ताणावी. जॅक पेटीला नुसता टेकावा. बोल्ट कसलेले असताना दाबत राहिल्यास गाडी लिफ्टच्या हातांवरून उचलली जाऊन निसटू शकते. वरचे दोन बोल्ट काढून त्या जागी डोके कापलेले लांब स्टड बसवले, की पेटी सरळ रेषेत मागे येते.

पेटीचा पुढे निघालेला इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत पेटीचे शेपूट खाली झुकू देऊ नये. झुकल्यास सारे वजन प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) येते व हब वाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. गाडी चालू केल्यावर क्लच पूर्ण सुटत नाही, तेव्हाच कळते, आणि पेटी पुन्हा उतरवावी लागते. शाफ्ट मोकळा झाल्यावर पेटी दोन सेंमी. उतरवून थांबावे. एका बाजूला कलत असल्यास तेवढ्या उंचीवरच बैठक सुधारता येते. सोडझडप पाव आट्यापेक्षा जास्त उघडू नये. पेटी पूर्ण खाली आल्याखेरीज जॅक हलवू नये. उंच जॅकचा पाया अरुंद असतो व चाकाखाली आलेला एखादा नटही तो आडवा करायला पुरतो.

चढविताना बेल हाउसिंग व इंजिन ब्लॉक यांमधील फट चहूबाजूंनी सारखी आहे का, हे बोटाने चाचपावे. वरची फट जास्त असेल तर शेपूट खाली आहे. शाफ्टच्या खाचा (स्प्लाइन) जुळत नसल्यास पेटी गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हाताने थोडा फिरवावा. उरलेली फट बोल्ट आवळून मिटवणे म्हणजे हाउसिंगचे कान मोडणे होय. अखेरचे बोल्ट व आडवा बीम कसल्यावरच साखळी सोडावी.

देखभाल : तेल आयएसओ व्हीजी (तेलाच्या दाटपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी) २२ किंवा ३२ दर्जाचे, निर्मात्याच्या पाटीनुसार वापरावे. ब्रेक ऑइलने सीलचे नायट्राइल रबर फुगून मऊ होते. इंजिन ऑइल जाड असल्याने पंपाची ओढ मंदावते. पातळी दट्ट्या पूर्ण खाली असतानाच, छिद्राच्या खालच्या काठापर्यंत पाहावी. वर असताना भरल्यास उतरताना तेल उसळते. तेल बदलल्यावर सोडझडप उघडी ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा मारला की अडकलेली हवा निघते. वर्षातून एकदा तेल बदलणे इष्ट. काम नसताना दट्ट्या खाली ठेवावा, म्हणजे क्रोमवर धूळ बसत नाही. बैठकीच्या स्क्रूंना व चाकांना ग्रीस द्यावे.

जॅक भाराखाली हळूहळू बसत असेल तर दांड्याकडे पाहावे. दांडा आपोआप वर येत असेल तर निर्गम झडप गळते. दांडा स्थिर असून भार उतरत असेल तर दोष सोडझडपेचा किंवा दट्ट्याच्या सीलचा. दट्ट्याभोवती तेल पाझरत असेल तर सीलच गेलेले असते. थोड्याच उंचीवर अडत असेल तर तेल कमी आहे. स्पंजासारखा दबत असेल तर हवा आहे. बहुतेक गळती झडपेच्या बैठकीवरील कचऱ्याने होते. बैठक स्वच्छ करून नवी गोळी ठेवावी व पितळी पंचने एकच हलका ठोका द्यावा, म्हणजे बैठकीची कड गोळीला जुळते. जास्त वजन उचलावे म्हणून अतिभार झडपेचा (ठरावीक वजनापुढे तेल परत सोडणाऱ्या झडपेचा) सीलबंद स्क्रू आवळणे धोक्याचे आहे. त्यानंतर आधी काय तुटेल, हे सांगता येत नाही.

कृष्णाकाठच्या गॅरेजांना पुराचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. बुडालेल्या जॅकमध्ये श्वासछिद्रातून पाणी शिरते व तेल दुधाळ होते. असा जॅक चालवून पाहू नये. सर्व तेल काढावे, स्वस्त हायड्रॉलिक तेलाने धुवून ते टाकून द्यावे आणि हे पुन्हा करावे. धुतलेले तेल बाटलीत रात्रभर ठेवल्यावर तळाशी पाणी साचत नसेल, तरच नवे भरावे. सील व गोळ्या बदलाव्यात. दट्ट्यावर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर नवे सील काही दिवसांतच फाटते. असा दट्ट्या पुन्हा क्रोम करून घ्यावा किंवा जॅक मोडीत काढावा.