खुलासा: इंजिनातला बर्फ कडाक्याच्या थंडीतच धरतो?

छोटं विमान हिवाळ्यात कोसळलं की ‘थंडीनं इंजिन गोठलं’ ही चर्चा ठरलेलीच. समज अर्धवट आहे. सेस्ना १५० सारख्या कार्ब्युरेटरवाल्या (इंधन आणि हवा मिसळणारा भाग असलेल्या) विमानात इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना तापमान ३० अंशांनीही उतरू शकतं. म्हणजे बाहेर २० अंश आणि दमट हवा असली, तरी आत बर्फ साचतो. उलट उणे १५ला हवा इतकी कोरडी, की धोका कमीच. उपाय म्हणजे गरम हवेची कळ. ती ओढली की वितळलेलं पाणी आत जाऊन इंजिन आधी जास्तच खडखडतं. घाबरून कळ परत ढकलली, की संपलं! तपास पथक येईतो बर्फाचं पाणी झालेलं असतं. मग निष्कर्ष बहुधा हवामानाच्या नोंदींवरूनच काढावा लागतो.