आधी लूर, मग दोरा, मग रॉड

गळाचा छंद असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात आलेला नवा माणूस बहुतेक वेळा आधी रॉडला हात घालतो. उचलतो, हवेत दोनदा फिरवून बघतो आणि विचारतो, "दादा, हा किती किलोचा मासा काढेल?" प्रश्न रास्त आहे, पण सुरुवात तिथून झाली की पुढची सगळी खरेदी चुकत जाते. म्हणून आम्ही उलट विचारतो: कुठल्या पाण्यावर जाणार आणि तिथे कुठली लूर, म्हणजे नकली आमिष, टाकणार? लूर ठरली की दोरा ठरतो, दोरा ठरला की रॉड. घरी बसून निवांत वाचता यावं म्हणून हे सगळं इथे लिहून दिलं आहे.

मोबाइलवर तुम्ही जे व्हिडिओ बघता ते बहुतेक बास माशाचे असतात. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी धरलेला बास 22 पाउंड 4 औंस, म्हणजे सुमारे 10 किलो भरला होता. त्या विक्रमाची बरोबरी थेट 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी केली. एवढ्या वर्षांत या एका माशापायी लूरचे शेकडो प्रकार निघाले आणि प्रत्येक प्रकाराला साजेसे रॉडही.

गंगापूर, दारणा, मुकणे या आपल्या धरणांत बास नाही. आपल्याकडे मरळ आहे. दोघांच्या सवयी मात्र बऱ्याच जुळतात. आडोशाला दबा धरून बसायचं, पाण्यावर काही हललं की झडप घालायची. त्यामुळे बाससाठी घडलेली तंत्रं मरळीला लागू पडतात. फक्त व्हिडिओतले आकडे जसेच्या तसे उचलू नका.

रॉडवरची बारीक अक्षरं

मुठीच्या थोडं वर रॉडवर दोन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, लूर 7 ते 21 ग्रॅम, लाइन (म्हणजे दोरा किती ओझ्याला तुटतो ते) 8 ते 17 पाउंड. किंमत विचारायच्या आधी हे वाचा. वजन औंसात असेल तर 1 औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम, पाव औंस 7 आणि अर्धा औंस 14 ग्रॅम. या रॉडवर 3 ग्रॅमची लूर बांधली तर टोक वाकतच नाही आणि लूर चार हातांवर पडते. 40 ग्रॅमची बांधून जोरात फेकली तर टोकाचा तुकडा लूरबरोबर पाण्यात जाऊ शकतो.

दुसरा घोळ पॉवर आणि अ‍ॅक्शनचा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो: लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर टोकाकडचाच भाग वाकतो, मॉडरेट असेल तर कमान मध्यापर्यंत येते, स्लो असेल तर थेट मुठीपर्यंत. हेवी रॉडही मॉडरेट असू शकतो आणि लाइट रॉडही फास्ट असतो. आकडे वाचून हे डोक्यात बसत नाही. दुकानात या, दोन रॉडच्या टोकांना दोरा बांधून ओढून दाखवतो. एकदा कमान डोळ्यांनी बघितली की विषय संपला.

दोरा तीन प्रकारचा

आपला नेहमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, ताणला की लांबतो. हा ताण दोषही आहे आणि गुणही. माशाने अचानक झटका दिला तर तो झटका दोराच पिऊन टाकतो. ब्रेडेड दोरा पॉलिइथिलिनच्या बारीक तंतूंचा विणलेला असतो. तो जवळजवळ ताणला जात नाही, पाण्यावर तरंगतो आणि त्याच जाडीच्या तंगुसाच्या कितीतरी पट ओझं पेलतो. त्यावर पीई 1, पीई 2 असे आकडे असतात. ते जाडीचे आहेत, ताकदीचे नाहीत. पीई 2 दोरा साधारण 0.23 मिलिमीटर जाड असतो. तिसरा फ्लोरोकार्बन. तो पाण्यापेक्षा बराच जड असल्यामुळे बुडतो, दगडावर घासला तरी टिकतो आणि पाण्यात तंगुसापेक्षा कमी दिसतो. तिघांत श्रेष्ठ कुठला असं विचारू नका. लूर कुठली ते सांगा.

बेडूक

मरळीसाठी सर्वात जास्त विकली जाणारी लूर हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

रबरी बेडकाचे दोन्ही गळ वर वळून पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून, पानकणसांच्या बेटातून न अडकता सरकतो. मरळीने पकडला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. म्हणजे रबर दाबायचं, मरळीच्या हाडकाळ जबड्यात गळ रुतवायचा आणि मासा झुडपात शिरायच्या आत वर ओढायचा, ही तिन्ही कामं एका झटक्यात व्हावी लागतात. ताणला जाणारा दोरा इथे घात करतो. बेडकासाठी सुमारे 7 फुटांचा मीडियम हेवी किंवा हेवी, फास्ट रॉड आणि 40 ते 50 पाउंडांचा, म्हणजे 18 ते 23 किलोंचा ब्रेडेड दोरा घ्या. अमेरिकेत दाट गवतात 65 पाउंडही वापरतात. आपल्या बहुतेक ठिकाणी तेवढा लागत नाही.

मी स्वतः हे दारणेच्या बॅकवॉटरला शिकलो. रिळावर 12 पाउंडांचा तंगूस होता आणि बेडूक नवाकोरा. जलपर्णीच्या कडेला पाणी फुटलं, बेडूक दिसेनासा झाला, मी रॉड उचलला. दोरा नुसता लांबत गेला. दोन सेकंद जड वाटलं, मग सैल. बेडूक परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर दातांच्या खुणा होत्या आणि गळांची टोकं कोरडी स्वच्छ. गळ रुतलेच नव्हते. पुढच्या आठवड्यात ब्रेडेड भरला आणि त्याच कडेला पहिली मरळ मिळाली.

अजून एक. पाणी फुटल्याबरोबर झटका मारू नका. बेडूक दिसेनासा होऊन दोरा ताठ होईपर्यंत, एक-दोन सेकंद थांबा. हात आवरत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण मरळ निसटते ती बहुतेक याच घाईपायी. आणि मासा काढल्यावर लूरजवळचा हातभर दोरा बोटांत धरून तपासा. मरळीच्या दातांनी तो केसाळ झाला असेल तर तेवढा कापून गाठ पुन्हा मारा.

क्रँकबेट: इथे सगळं उलट

पुढे प्लास्टिकची जीभ आणि पोटाखाली तीन-तीन आकड्यांचे गळ असलेली लूर म्हणजे क्रँकबेट. नुसतं रीळ फिरवलं की ती थरथरत खोल जाते. यातले गळ बारीक असतात आणि माशाच्या तोंडात वरवर बसतात. बेडकाचा ताठ रॉड आणि ब्रेडेड दोरा इथे वापरला तर पहिल्याच झटक्यात मांस फाटतं आणि गळ सुटतो. म्हणून मॉडरेट अ‍ॅक्शनचा मीडियम रॉड घ्या. ग्लास फायबरचा किंवा ग्लास-कार्बन मिश्र असेल तर उत्तम. सोबत 10 ते 12 पाउंडांचा तंगूस किंवा फ्लोरोकार्बन. दोरा बारीक ठेवायचं कारण म्हणजे जाड दोऱ्याला पाण्याचा अडथळा जास्त होतो आणि लूर तेवढी खोल जात नाही.

पॉपर, पेन्सिल आणि बाकीच्या

पाण्यावर खेळवायच्या पॉपरला आणि पेन्सिलला फ्लोरोकार्बन लावू नका. तो बुडताना लूरचं नाक खाली ओढतो, मग पॉपर 'पचक' आवाज करायचा सोडून डुबक्या मारतो. तंगूस चालेल, नाहीतर 20 ते 30 पाउंडांच्या ब्रेडेडला पुढे दोन-तीन फूट तंगुसाचा लीडर जोडा. त्या तुकड्याचा दुसरा फायदा असा की मऊ ब्रेडेड थेट बांधला तर पुढच्या गळांत गुंततो, ताठ तंगूस गुंतत नाही.

स्पिनरबेटला, म्हणजे फिरत्या पात्याच्या लूरला, मीडियम हेवी रॉड आणि 14 ते 17 पाउंडांचा दोरा पुरतो. रबरी किडा शिशासकट तळाशी ओढायचा असेल तर फास्ट रॉड आणि फ्लोरोकार्बन घ्या. तळाचा प्रत्येक खडा हाताला कळला पाहिजे. 3 ते 7 ग्रॅमच्या छोट्या लूरसाठी स्पिनिंग रीळ (रॉडखाली लटकणारं, ज्याचा स्पूल फेकताना फिरत नाही ते), मीडियम लाइट रॉड, 10 पाउंडांचा ब्रेडेड आणि पुढे 6 ते 8 पाउंडांचा फ्लोरोकार्बन लीडर.

एकच रॉड परवडणार असेल तर आमचं स्पष्ट मत: 7 फुटांचा मीडियम हेवी, फास्ट, लूर 7 ते 21 ग्रॅमचा, आणि 30 पाउंडांचा ब्रेडेड. बेडूक, पॉपर, स्पिनरबेट सगळं त्यावर भागतं. क्रँकबेट टाकताना ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, थोडा सैल ठेवा. दुसऱ्या रॉडची घाई करू नका.

गाठ आणि काळजी

ब्रेडेड दोरा गुळगुळीत असतो. तंगुसाला मारतो ती साधी पीळ देऊन मारलेली गाठ त्यावर सरकते. पालोमार गाठ मारा: दोरा दुमडून दुहेरी करा, लूरच्या कडीतून ओवा, साधी सैल गाठ मारा, राहिलेल्या फासातून अख्खी लूर बाहेर काढा, थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि सावकाश ओढा. गाठ कोरडीच ओढली तर घर्षणाने तापते आणि दोरा तिथेच कमजोर होतो.

ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावा. 12 पाउंडांच्या तंगुसाला दीड किलोच्या आसपास. ताणकाटा आमच्याकडे टांगलेलाच आहे, मोजून देतो. मासा काठाशी आला की रॉड सरळ आभाळाकडे उभा करू नका, सगळा भार टोकावर येतो आणि रॉड मोडतो तो तिथेच. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत तंगूस ठेवू नका, ऊन आणि उष्णतेने तो ठिसूळ होतो. आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. धरणाकडे जाणाऱ्या शेतरस्त्यांवर तारा खाली आलेल्या असतात. तारांखाली उभा रॉड घेऊन चालू नका, आकाश गडगडलं की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा.

पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं पुंजक्याने पाण्यावर येतात आणि नर-मादी त्यांची राखण करत खालीच असतात. पुंजक्यावर लूर टाकली की मरळ हमखास झडप घालते, पण राखण करणारी मरळ काढली की बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात. तसा पुंजका दिसला तर पुढे चला, ही आमची कळकळीची विनंती आहे. धरणावर मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तर आधी त्यांना विचारा. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे गळ नेऊ नका.

दोरा घ्यायला येताना रीळ सोबत आणा. ब्रेडेड दोरा गुळगुळीत स्पूलवर गरगर फिरतो, म्हणून खाली दहा-बारा वेढे तंगुसाचे देऊन मगच तो भरतो. स्पिनिंग रीळ काठापासून दोन मिलिमीटर रिकामं ठेवतो. त्याहून कमी भरलं तर फेक आखूड पडते, काठोकाठ भरलं तर वेढे सुटून गुंता होतो.